फुकट बघण्यासारखं

बाबांना परदेशात सगळ्यात जास्त आवडलं ते पाडकाम.

आमच्या खोलीपासून थोडं पुढे एक जुनी उंच इमारत पाडत होते. भोवती पत्र्याचं कुंपण, आणि येणाऱ्याजाणाऱ्यानं थांबून बघावं म्हणून कुंपणाला मुद्दाम ठेवलेल्या खिडक्या. मोठ्यांसाठी वर, लहान मुलांसाठी खाली. तिकीटबिकीट काही नाही. सकाळचा चहा घशाखाली गेला की बाबा तिथे जाऊन उभे राहायचे. लांब मानेचं यंत्र पुढे यायचं, जबडा उघडायचं आणि भिंतीचा लचका तोडायचं. भिंत आधी फुगायची, मग धुरळा उडवत खाली यायची. आतली न्हाणीघरं उघडी पडली होती. कुणाची निळी फरशी, कुणाचा टॉवेल अडकवायचा दांडा, एका भिंतीवर तर आरसा तसाच होता. ती आरशाची भिंत पडली तेव्हा बाबांनी टाळ्या वाजवल्या. त्यांचं बघून शेजारच्या अनोळखी म्हातारीनंही वाजवल्या.

"बघ, बघ, आता त्या खांबाचा नंबर," माझा दंड धरून ते म्हणायचे. "वरून घाव नाही घालणार तो यंत्रवाला. आधी कंबर मोडणार."

मी कपाळाला हात लावायचे. जन्मात पहिल्यांदा विमानात बसलेला माणूस, आणि बघतोय काय, तर पडणारी भिंत! पण खरं सांगायचं तर मजा मलाही येत होती. तिकिटांनीच आमची सगळी शिल्लक गिळली होती, म्हणून निघायच्या आधीच मी या शहरात फुकट काय काय आहे ते हुडकून ठेवलं होतं. कुठलं संग्रहालय कुठल्या वारी तिकीट घेत नाही, कुठल्या बागेत संध्याकाळी बँड वाजतो, कुठल्या सरकारी इमारतीच्या गच्चीवर कुणालाही सोडतात. एका बाजारात चीजचे तुकडे चाखायला द्यायचे. बाबा तिथे एकदा साधे गेले, दुसऱ्यांदा टोपी घालून गेले आणि तिसऱ्यांदा माझा स्कार्फ डोक्याला गुंडाळून गेले. दुकानदारीण इतकी हसली की तिनं एक चांगला मोठा तुकडा कागदात बांधून दिला.

कुणालाही लळा लागावा असा हा माणूस. मला त्यांचा सगळ्यात जास्त राग येतो तो याच गोष्टीचा.

घराला लागूनच आमचं टायरचं दुकान होतं. ट्रकचं चाक खोलायचं, रिमपासून टायर सोडवायचा, पंक्चर काढून परत चढवायचा, हे काम बाबांनी उभा जन्म केलं. लोखंडी पहार आणि घण. त्यांचा पंजा अजूनही असा आहे की चहाचा कप त्यात दिसत नाही. मी त्या वाटेला गेले नाही. मी दात बनवते. डॉक्टर तोंडाचं माप पाठवतात, आणि आमच्या लॅबमध्ये कवळ्या तयार होतात. बाबांची वरची कवळी माझ्याच हातची आहे. ती लावून ते हसले की लोक म्हणतात, काय गोड हसतात तुमचे वडील.

दुकानात एका खुंटीला फाटक्या ट्यूबची पट्टी टांगलेली असायची. ती दादासाठी होती.

दादा माझा थोरला भाऊ. त्यानं काय केलं म्हणजे मार बसायचा, ते मी आजही सांगू शकत नाही. गिऱ्हाइकानं बाबांना दोन शब्द सुनावले तरी बसायचा, आणि गिऱ्हाईक खूश होऊन गेलं तरी बसायचा. आई खिडक्या लावून घ्यायची. पट्टी पाठीवर पडली की लाकडी फळी फरशीवर आडवी पडल्यासारखा आवाज यायचा. आणि बाबांचा एक नियम होता. मार खाताना दादानं मोजायचं. मोठ्यानं, स्वच्छ आवाजात. एक, दोन, तीन. मध्ये हुंदका आला, आकडा चुकला, की पुन्हा एकपासून. त्याला पाढे यायच्या आधीपासून हे मोजणं येत होतं. मला त्यांनी कधी बोटही लावलं नाही. मी लाडकी होते.

शेवटचा मार पट्टीचा नव्हता. दादाला मिसरूड फुटलं होतं आणि त्यानं उलट उत्तर दिलं. बाबांनी हातातली पहार खाली ठेवली आणि उघड्या पंजानं त्याच्या डाव्या कानाखाली अशी भडकावली, की तो दुकानाच्या शटरवर जाऊन आदळला आणि कानातून रक्ताची बारीक धार गळ्यावर आली. त्या कानानं त्याला अजून नीट ऐकू येत नाही. पुढे तो घर सोडून गेला, मग देश सोडून गेला. आई गेली तेव्हाही आला नाही. फोनवर फक्त मला म्हणाला, "तू आहेस ना तिथे? मग झालं."

आईनंतर बाबा एकदम म्हातारे झाले. दुकान विकलं. दिवसभर मोबाइलवर दादाच्या मुलीचे फोटो बघत बसायचे. फोटो दादा मला पाठवायचा, मी बाबांना दाखवायचे, आणि हे दादालाही ठाऊक होतं. गुबगुबीत गालांची, कमरेवर हात ठेवून उभी राहणारी पोर. बाबांनी तिचं नाव ठमाकाकू ठेवलं होतं. "एकदा तिला जवळ घेऊ दे," ते म्हणायचे. "मग खुशाल मला उचला." इतक्या वेळा म्हणाले की शेवटी मी तिकिटं काढली. दादाला आधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता.

आम्ही पोचल्यावर मी त्याला फोन केला.

"घरी आणू नकोस त्यांना," तो म्हणाला. "बायको घेणार नाही. तिला सगळं माहितीये."

"बाहेर भेट मग. बागेत. कुठेही."

"सांगतो."

आणि तो सांगेपर्यंत आम्ही शहर बघत हिंडत होतो. रोज सकाळी बाबा बूट घालता घालता विचारायचे, "आला का गं त्याचा फोन?" मी नाही म्हणायचे. "बरं. मग आज फुकटात काय दाखवतेस?"

संग्रहालय दाखवलं. त्यात हत्यारांचं एक मोठं दालन होतं. तलवारी, भाले, काटेरी गोळे लावलेल्या साखळ्या, घोड्याच्या तोंडावर घालायचं लोखंड. बाबा लहान मुलासारखे काचेला नाक लावून हिंडले. एका गदेपुढे उभं राहून त्यांनी रखवालदाराला हातवारे करून विचारलं, ही इथे घालायची की इथे? रखवालदारानं स्वतःच्या टाळक्यावर बोट ठेवून दाखवलं आणि दोघं खो खो हसले. बाहेर पडताना बाबा म्हणाले, "केवढा हा खटाटोप गं. हातानं मारायला काय होतं यांना?" मी हसले नाही. त्यांना वाटलं मी दमले.

एकदा कोर्टही दाखवलं. तिथे कुणीही मागच्या बाकांवर जाऊन बसावं, ऐकावं, उठून जावं. भाषा कळत नव्हती, पण काय चाललंय ते कळत होतं. भिंतीवरच्या पडद्यावर एका बाईच्या जबड्याचा फोटो आला. माझी नजर सवयीनं दातांवर गेली. खालचे पुढचे चार दात मुळासकट गेले होते आणि हनुवटीचं हाड सरकलं होतं. असं होतं ते पडल्यानं नाही. आरोपीच्या बाकावर नवरा बसला होता. इस्त्रीचा शर्ट, नीट पाडलेला भांग, मांडीवर घडी केलेला कोट.

बाबांनी बराच वेळ त्याच्याकडे बघितलं.

"हा तर साधा माणूस दिसतो गं," ते कुजबुजले.

"साधाच असतो, बाबा."

ते उठले. "चल. हवा नाही इथे." बाहेर येऊन ते पायऱ्यांवर बसून राहिले, आणि संध्याकाळी बँड ऐकायलाही आले नाहीत. मला बरं वाटलं. वाटलं, टोचलं कुठेतरी. दुसऱ्या दिवशी मात्र पाडकामाच्या खिडकीशी आधीसारखेच हजर.

दादाचा फोन आला तो शुक्रवारी. तो मुष्टियुद्ध शिकवतो. स्वतः बरीच वर्षं खेळला आणि आता नगरपालिकेच्या हॉलमध्ये मुलांना तयार करतो.

"शनिवारी सकाळचा क्लास सगळ्यांना खुला असतो," तो म्हणाला. "पोरं येतात, आईबाप येतात. पैसे नाहीत. तुम्ही फुकटचंच बघताय ना? मग हेही बघा. पोरीलाही आणतो."

बाबांना सांगितलं तेव्हा ते लगेच उठले. दाढी केली, शर्ट बदलला, तोही परत बदलला. कवळी दोनदा धुतली.

हॉल तळघरात होता. पायऱ्या उतरतानाच घाम, रबर आणि औषधी मलमाचा वास आला. छताला साखळ्यांनी लांबट पोती टांगलेली आणि मुलं त्यांच्यावर ठोसे घालत होती. प्रत्येक ठोशाला साखळी खणकायची. एका कोपऱ्यात दोरांचं रिंगण, बाकी जमिनीवर जाड चटया. दादा दाराशीच उभा होता. मानेनं, खांद्यांनी दुप्पट झालेला, नाक एका बाजूला वळलेलं. त्यानं मला मिठी मारली. बाबांच्या पाया पडला नाही. हात पुढे केला. बाबांनी तो दोन्ही हातांत धरला आणि सोडायचं विसरले. शेवटी दादानंच सोडवून घेतला.

ठमाकाकू रिंगणाजवळच्या बाकावर बसली होती. फोटोतल्यापेक्षा उंच, गाल जरा उतरलेले, हातात लाल ग्लोव्हज. ती बाबांकडे टक लावून बघत होती. बाबांनी हात हलवला. तिनं हलवला नाही.

"आधी क्लास," दादा म्हणाला. "इथला नियम आहे. ज्याच्याबरोबर यायचं, त्याच्यासाठी पॅड धरायचं. तुम्ही माझ्यासाठी धरा, बाबा. एक राउंड. मग तिला घेऊन येतो."

"हात्तिच्या! एवढंच ना?" बाबांनी बाह्या दुमडल्या.

मी दादाला बाजूला ओढलं. त्यानं उजवा कान माझ्याकडे केला.

"काय चाललंय तुझं?"

"मी या पोरांना शिकवतो की राग माणसाला द्यायचा नाही, पॅडला द्यायचा. मला माझा एकदा द्यायचाय. त्यांच्याच हातातल्या पॅडला." त्याचा आवाज अगदी शांत होता. "तो दिला की मी पोरीचा हात त्यांच्या हातात देईन. खरंच देईन. बायकोला शब्द दिलाय मी, तमाशा होणार नाही म्हणून."

"जमेल तुला?"

"हेच करतो मी रोज."

मी विश्वास ठेवला. त्याच्याइतका सावध माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. तो दार लावतानासुद्धा आवाज होऊ देत नाही.

पॅड म्हणजे पंजावर चढवायची जाड गादी. दादानं स्वतः बाबांच्या दोन्ही हातांना पट्टे आवळून दिले, कसं उभं राहायचं ते दाखवलं. हॉलभर जोड्या लागल्या होत्या. एक लठ्ठ बाप आपल्या काटकुळ्या मुलीसाठी पॅड धरून होता, एक आई आपल्या पोरासाठी. शिट्टी वाजली.

दादा हलके मारत होता. डावा, उजवा, डावा. ठोसा बरोबर गादीच्या मधोमध बसायचा आणि बाबांचा हात जरासा मागे जायचा. बाबा खुशीत आले. इतक्या दिवसांची सहल, फुकटात मिळालेली इतकी मजा, आणि त्यावर आता लेक समोर. त्यांचं तोंड फुललं होतं. बाजूची आई आपल्या पोराला काहीतरी ओरडून सांगत होती, चढवत होती. बाबांनी तिच्याकडे बघितलं आणि आपणही सुरू केलं.

"शाब्बास! एक!" ते ओरडले. "दोन! तीन!"

दादाचा हात हवेत थांबला.

मी बाबांचं तोंड नीट बघत होते. देवाशपथ सांगते, त्यांच्या लक्षातही नव्हतं. पोरं खेळताना मोजतात तसे ते मोजत होते. ज्या आकड्यांवर माझ्या भावाची पाठ सोलून निघाली होती, ते आकडे या माणसाला आठवतही नव्हते.

"चार! अरे, थांबलास का? जोर लाव की, जेवला नाहीस का?"

पुढचा ठोसा पॅडवर बसला खरा, पण पॅड बाबांच्या छातीवर आपटलं. त्याच्या पुढचा पॅडच्या खालून गेला आणि बरगडीत बसला. बाबांच्या तोंडून मोजणं नाही, हवा बाहेर आली. "दादा!" मी ओरडले. त्याला डावीकडून ऐकू येत नाही हे मला माहीत होतं, तरी मी डावीकडूनच ओरडत होते. बरगडी. परत बरगडी. ग्लोव्हजचा आवाज मऊ असतो, त्यामुळे आणखी भयंकर वाटतं. बाबा मागे सरकत होते आणि पॅड धरलेले हात अजून तसेच पुढे होते, दादानं सांगितल्यासारखे. मग एक ठोसा खालून आला आणि जबड्यावर बसला. कवळी तोंडातून उडाली, चटईवर पडली आणि घरंगळत माझ्या पायापर्यंत आली. मी बनवलेले दात. त्यावर रक्त होतं.

दादा तिथेच थांबला. त्याचे हात खाली आले. त्यानं कवळीकडे बघितलं, आपल्या ग्लोव्हजकडे बघितलं, आणि त्याला कुणीतरी गाढ झोपेतून उठवल्यासारखा त्याचा चेहरा झाला. हॉलमधला आवाज बंद झाला होता.

आणि तेवढ्यात कुठलंसं पोर हसलं. वाईट हसलं नाही ते. दात उडून पडले की लहान पोराला हसू येणारच. पण बाबांनी तोंडावर हात नेला, तिथे दात नव्हते, ओठ आत गेला होता, हनुवटीवरून लाळ आणि रक्त ओघळत होतं, आणि इतकी माणसं बघत होती. त्यांचा चेहरा मला ओळखीचा वाटला. किती वर्षांनी बघत होते मी तो. आईनं खिडक्या लावायला घेतल्या असत्या.

त्यांनी उजव्या हाताचं पॅड काढून फेकलं.

"बाबा, नको!"

तो पंजा वर गेला आणि दादाच्या डाव्या कानावर पडला. ग्लोव्हजचा मऊ आवाज नाही. उघडा पंजा, उघडा कान.

माझा भाऊ इतकी वर्षं लोकांचे ठोसे खात आला आहे. त्याचं नाक दोनदा मोडलं, भुवई फाटली, तरी तो उभा राहिला, याचे फोटो त्या हॉलच्या भिंतीवर लावले आहेत. त्याला ती चापट म्हणजे काहीच नव्हती. तो एका हातानं बाबांना उचलून बाहेर ठेवू शकला असता. पण तो खाली बसला, पोटाशी पाय घेऊन, दोन्ही कोपरं कानांवर दाबून, एवढं मोठं शरीर जितकं लहान करता येईल तितकं लहान करून. त्याच्या शिकाऊ पोरांसमोर, त्यांच्या आईबापांसमोर. आणि कोपरांच्या आतून त्याचा आवाज आला. मोठा, स्वच्छ.

"एक."

बाबांचा हात दुसऱ्यांदा वर गेलेला होता. तो तिथेच राहिला.

आता त्यांना आठवलं. मी बघितलं ते त्यांना आठवताना. डोळ्यांत काहीतरी पडल्यासारखे ते डोळे उघडझाप करायला लागले. हात खाली आला, तो कुठे ठेवावा ते त्यांना कळेना. आधी मांडीला पुसला, मग पाठीमागे धरला. "अरे," ते म्हणाले. दातांशिवाय त्यांचा आवाज फसफसत होता. "अरे, ऊठ रे. ऊठ, बाळा." दादा उठला नाही. तो दुसऱ्या फटक्याची वाट बघत होता.

मी पुढे होणार, तेवढ्यात माझ्या बाजूनं लाल ग्लोव्हज गेले.

ती पळत आली नाही. चालत आली. बापाच्या पुढ्यात येऊन उभी राहिली, त्याच्या आणि आजोबांच्या मधे. डावा पाय पुढे, हनुवटी खाली, दोन्ही मुठी गालांशी. बापानं शिकवलेलं सगळं जागच्या जागी. बाबांनी तिच्याकडे बघितलं. त्यांचं तोंड रक्तानं माखलेलं होतं, आणि तरी त्यांनी हसायचा प्रयत्न केला. "ठमाकाकू," ते म्हणाले आणि तिच्या डोक्याकडे हात नेला.

तिनं मारलं. तिच्या उंचीला त्यांचं पोट येत होतं, तिथे मारलं. नुकत्याच सुजलेल्या बरगडीच्या खाली. बाबा कळवळले. तिनं परत मारलं. डावा, उजवा, डावा. रडत नव्हती. दात आवळलेले आणि डोळे अगदी कोरडे. प्रत्येक ठोशात तिचं सगळं अंग जात होतं.

"अगं, सोड त्यांना," मी तिचा खांदा धरला. तिनं तो झटकला आणि कोपर माझ्या तोंडावर बसलं. माझा ओठ फुटला.

"राहू दे," बाबा मला म्हणाले. "तू नको मधे येऊस."

त्यांनी दोन्ही हात सोडून दिले आणि उभे राहिले. दुसऱ्या हातातलं पॅड तसंच लोंबत होतं. ते पुढे धरलं असतं तर ठोसे त्यावर गेले असते. त्यांनी धरलं नाही. एवढ्यासाठी ते इतक्या लांब आले होते. नात जवळ आली होती, आणि ते तिला जेवढं जवळ येता येईल तेवढं येऊ देत होते.

दादानं कोपरं खाली घेतली. तो मुलीकडे बघत होता. बराच वेळ त्याला कळत नव्हतं की समोर काय चाललंय.

"बास," तो म्हणाला.

ती थांबली नाही.

"बास म्हटलं ना!" आणि मग तिच्या भाषेत, क्लासमध्ये देतो तसा हुकूम. हॉलमधली सगळी पोरं त्या आवाजानं ताठ झाली. ती थांबली नाही. बाबांचा तोल गेला, ते गुडघ्यावर आले, आणि आता त्यांचं तोंड तिच्या उंचीला आलं. तिनं मूठ मागे घेतली. ती तोंडावर मारणार हे आम्हा तिघांनाही दिसलं. बाबांनी मान हलवली नाही.

मूठ त्यांच्या गालावर बसली. दुसरी बसायच्या आत दादा उठला आणि त्यानं तिला मागून कमरेला धरून उचललं. ती त्याच्या हातांत लाथा झाडत होती, किंचाळत होती. त्याच्याच नडगीवर लाथा बसत होत्या. त्यानं तिला छातीशी घट्ट धरलं, तिच्या केसांत तोंड घातलं आणि तिला दाराकडे घेऊन निघाला. त्याचा डावा कान लालभडक झाला होता. त्याच्या खांद्यावरून तिच्या लाल मुठी दिसत होत्या, अजून हवेत चालत होत्या, डावी, उजवी, डावी. पायऱ्या चढेपर्यंत दिसत होत्या.

मी बाबांजवळ खाली बसले. ओढणीनं त्यांची हनुवटी पुसायला गेले, तर त्यांनी माझा हात बाजूला केला. ते दाराकडे बघत होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

"माझ्यावर गेलीय," बाबा म्हणाले.

तसं नाही, असं म्हणायला मी तोंड उघडलं. फुटलेल्या ओठाचं रक्त जिभेवर आलं. मी तोंड मिटलं.